पाळण्यातली साखर

बाळ जन्मल्याची खबर आली की मोजमाप घेणाऱ्यांची धावपळ सुरू व्हायची. ७२ तासांच्या आत बाळापाशी पोचायचं, मग ते घरी असो की दवाखान्यात. सोबत वजनकाटा, टेप आणि कॅलिपर नावाचा एक चिमटा. वजन आणि लांबी झाली, डोक्याचा आणि पोटाचा घेर घेतला, की दंडाची पाळी. शेवटी दंडाच्या मागची आणि पाठीवर फऱ्याच्या हाडाखालची कातडी चिमटीत धरून तिची जाडी मोजायची. तीन दिवसांच्या जिवाची एवढी मापं कशासाठी, असा प्रश्न घरातल्या आजीला पडला असेल तर नवल नाही. उत्तर तेव्हा कुणाकडेच नव्हतं. ते शोधण्यासाठीच तर मापं चालली होती.

पुण्यापासून सुमारे ५० किलोमीटरवरच्या सहा गावांत हे काम १९९३ साली सुरू झालं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक त्याचे प्रमुख होते आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचे संशोधक त्यांचे सहकारी. ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ या नावाने हा अभ्यास आज जगभर ओळखला जातो. त्याचं वेगळेपण सुरुवातीतच होतं. गरोदर बाई दवाखान्यात येईल तेव्हा नोंद करायची, असा शिरस्ता इथे नव्हता. गावातल्या विवाहित बायकांची वजनं आणि उंची आधीच घेतली जायची आणि महिन्याच्या महिन्याला पाळीची तारीख विचारली जायची. त्यामुळे गर्भ राहण्यापूर्वी बाईची तब्येत कशी होती, याची नोंद हाताशी होती. अशा ७९७ गरोदरपणांचा पाठपुरावा झाला.

या आया सरासरी २१ वर्षांच्या. उंची १५२ सेंटिमीटर, म्हणजे पाच फुटांच्या आसपास. गरोदर राहण्याआधीचं सरासरी वजन ४२ किलोंहून थोडं कमी. त्यांच्या बाळांचं सरासरी वजन भरलं २.७ किलो, साउदॅम्प्टनची बाळं सरासरी साडेतीन किलोंची. एवढ्यापर्यंत कुणाला आश्चर्य वाटण्याचं कारण नव्हतं. खायला बेताचं मिळालेल्या आईचं बाळ लहान असणार, हे कुणीही सांगेल.

नवल निघालं ते कॅलिपरच्या आकड्यांत. सगळी मापं सारख्याच प्रमाणात लहान नव्हती. पोटाचा घेर खूपच कमी होता, म्हणजे आतले अवयव छोटे राहिले होते. दंडाचा घेरही कमी होता, म्हणजे स्नायू तोळामासा होते. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी जवळजवळ टिकून होती. पावणेतीन किलोंच्या हडकुळ्या बाळाने स्नायू आणि अवयवांवरचा खर्च कमी केला होता. चरबीची पुंजी मात्र राखली होती. पुढे नाळेतल्या रक्ताची तपासणी झाली तेव्हा त्यातही इन्शुलिन आणि लेप्टिन ही चरबीशी नातं सांगणारी संप्रेरकं बाळाच्या वजनाच्या मानाने जास्त आढळली. २००३ साली बाळांच्या मापांचा शोधनिबंध आला आणि वैद्यकाच्या कोशात एक नवा शब्दप्रयोग दाखल झाला : ‘थिन-फॅट’ भारतीय बाळ. दिसायला बारीक, आतून लठ्ठ.

एकच आकडा, दोन शरीरं

बारीक आणि लठ्ठ हे दोन्ही एकाच शरीरात कसं असू शकतं, हे समजावणारा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे आहेत. एक लंडनचे जॉन युडकिन, दुसरे स्वतः याज्ञिक. वजन आणि उंचीचं गुणोत्तर सांगणारा ‘बीएमआय’ दोघांचाही अगदी सारखा, २२.३. तक्त्यात पाहिलं तर दोघेही सडसडीत. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची भरली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काट्यावर वजन तेवढंच. एकाच्या वजनात स्नायू जास्त, दुसऱ्याच्या वजनात चरबी.

मधुमेहाच्या दृष्टीने हा फरक मोलाचा आहे. जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलण्याचं सर्वांत मोठं काम स्नायू करतात. स्वादुपिंडातून इन्शुलिन सुटतं, स्नायूंच्या पेशींची दारं उघडतात, साखर आत जाते आणि वापरली जाते. स्नायू कमी असले की साखरेला जायला घरंच कमी. उरलेल्या साखरेची चरबी होते. कातडीखालची चरबी ही तशी कणगीसारखी असते. धान्य तिथे सुखाने राहतं. पण कणगी भरली की पोती माजघरात, देवघरात, वाटेल तिथे ठेवावी लागतात. चरबी तशीच यकृतात, स्वादुपिंडात, आतड्यांभोवती साचू लागते. मग यकृत आणि स्नायू इन्शुलिनला जुमानत नाहीत. स्वादुपिंड आणखी इन्शुलिन ओतत राहतं आणि एके दिवशी थकतं. रक्तदाब, रक्तातली वाढलेली चरबी, यकृताची सूज आणि हृदयविकार या वाटेवर बरोबरच भेटतात. त्यामुळे डॉक्टर या सगळ्यांना चयापचयाचे विकार म्हणून एकत्र पाहतात.

भारतीयांसाठी जास्त वजनाची रेषा बीएमआय २५ ऐवजी २३ वर का आणली गेली आणि डॉक्टर पोटाच्या घेराबद्दल का विचारतात, याचं कारण यात आहे. पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही कमरेची धोक्याची खूण मानली जाते. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे आलेला माणूस आपल्याकडे दर दुसऱ्या घरात दिसतो. ‘अंगाला काही लागत नाही हो’ असं म्हणणाऱ्याच्या पोटात काय साठलंय, हे वजनकाटा सांगत नाही.

हर्टफर्डशायरच्या वह्या

गर्भातल्या पोषणाचा आणि म्हातारपणातल्या आजाराचा संबंध असेल, ही कल्पना आली इंग्लंडमधून. १९११ पासून हर्टफर्डशायर परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड या आरोग्य अधिकारी बाईंच्या देखरेखीखाली परिचारिका घरोघरी जात आणि प्रत्येक बाळाचं जन्माचं आणि वर्षाचं वजन वहीत टिपून ठेवत. त्या वह्या कित्येक दशकं पडून होत्या. डेव्हिड बार्कर या संशोधकाने त्या मिळवल्या आणि त्यातल्या मुलांचं पुढे काय झालं याचा माग काढला. १९८९ साली त्याने दाखवून दिलं की पहिल्या वर्षात वजन कमी असलेल्या पुरुषांमध्ये हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण जास्त होतं. पाठोपाठ मधुमेहाचंही तेच चित्र दिसलं. १९९२ साली बार्कर आणि निक हेल्स यांनी मांडलं की गर्भात उपासमार सोसलेलं शरीर काटकसरीची सवय लावून घेतं, आणि पुढे मुबलक अन्न मिळालं की तीच सवय त्याला भोवते.

नेदरलँड्समध्ये या मांडणीची अघोरी परीक्षा आधीच होऊन गेली होती. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे तिथल्या पश्चिम भागातल्या लोकांना दिवसाला हजार कॅलरीही मिळेनात. त्या महिन्यांत आईच्या पोटात असलेली मुलं पन्नाशीला आली तेव्हा त्यांची तपासणी झाली. साखर पचवण्याची त्यांची ताकद त्यांच्या आगेमागे जन्मलेल्यांपेक्षा कमी होती.

हॉलंडचा दुष्काळ काही महिन्यांत संपला. आपल्याकडची बेताची भाकरी पिढ्यान् पिढ्यांची. हा फरक शरीरात किती खोल उतरतो, याची झलक एका उंदरांच्या प्रयोगातून मिळते. आनंदवर्धन हर्डीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातल्या संस्थांच्या सहकार्याने उंदरांच्या ५० पिढ्या अर्धपोटी वाढवल्या आणि २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पन्नासाव्या पिढीतल्या उंदरांच्या रक्तात इन्शुलिन चढलेलं होतं, बी-१२ जीवनसत्त्व घटलेलं होतं आणि मधुमेह त्यांना फार सहज गाठत होता. पुढच्या दोन पिढ्यांना पोटभर चांगलं खायला घातलं, तरी हा दोष गेला नाही. माणूस म्हणजे उंदीर नव्हे, हे खरं. पण एका पिढीच्या सुबत्तेने सगळं सुरळीत होईल, ही आशा भाबडी आहे, एवढं त्यातून कळतं.

भाजी, दूध आणि विहिरीचं पाणी

पुण्याच्या अभ्यासात आयांच्या ताटाचीही बारकाईने नोंद झाली. आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी तिचा अभ्यास केला. या बायका दिवसाला साधारण १८०० कॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रथिनं खात होत्या. एकूण कॅलरींचा किंवा प्रथिनांचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध लागला नाही. संबंध लागला तो पालेभाजी, फळं आणि दुधाशी. ज्या आयांच्या जेवणात हे पदार्थ वरचेवर होते, त्यांची बाळं मोठी होती. दुसरी गोष्ट कष्टाची. शेतातली कामं, पाणी आणणं, धुणं यांचा भार गरोदरपणातही ज्यांच्यावर जास्त होता, त्यांची बाळं लहान जन्मली. जेवणाचं ताट आणि डोक्यावरचा हंडा या दोन्हींची नोंद बाळाच्या वजनात उमटली होती.

रक्ताच्या तपासणीतून आणखी एक धागा हाती आला. सुमारे दोन तृतीयांश आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. हे जीवनसत्त्व जिवाणू बनवतात आणि आपल्यापर्यंत येतं ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून. भाकरी, भात, डाळ, भाजीत ते नसतं. शाकाहारी घरात दूध हाच त्याचा मुख्य आधार. आणि घरात दूध बेताचं असेल तर ते चहात जातं, लहानांना जातं, सुनेच्या वाट्याला शेवटी येतं. फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व मात्र जवळपास सगळ्यांमध्ये पुरेसं होतं. ते पालेभाज्यांतून मिळतं आणि गरोदरपणात लोहाच्या गोळीबरोबरही दिलं जातं.

मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांची पुन्हा तपासणी झाली. ज्यांच्या आयांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, ती मुलं इन्शुलिनला सर्वांत कमी दाद देत होती. २००८ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा जगभर चर्चा झाली. ही दोन जीवनसत्त्वं शरीरात जोडीने काम करतात. जनुकांवर मिथाइल गटांच्या खुणा लावून कुठलं जनुक चालू ठेवायचं आणि कुठलं बंद, हे ठरवण्यात दोघांचा हात असतो. एक बैल दमलेला आणि दुसरा जोरात असला की गाडी वाकडी जाते, तसंच काहीसं इथे होत असावं. याचा अर्थ फॉलिक ॲसिडची, म्हणजे फोलेटची, गोळी बंद करायची असा मुळीच नाही. ती गोळी बाळाच्या मेंदू-मणक्याचे गंभीर दोष टाळते. अर्थ इतकाच की तिच्या जोडीदाराकडेही पाहायला हवं.

अठराव्या वर्षी

मुलं वाढली. सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या वर्षी त्यांची साखर तपासली गेली. इतकी वर्षं इतक्या कुटुंबांनी एका अभ्यासाला साथ दिली, हीच मोठी गोष्ट आहे. अठराव्या वर्षीचे आकडे २०२१ साली आले आणि ते काळजीत टाकणारे होते. मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांची साखर सामान्य मर्यादेच्या वर होती. मिठाईच्या दुकानांच्या रांगेत आणि जिमच्या जाहिरातींखाली वाढलेली ही मुलं नव्हेत. गावातली, आणि त्यांतली जवळपास निम्मी तर कमी वजनाची! ज्यांची साखर अठराव्या वर्षी वाढलेली होती, त्यांची उपाशीपोटीची साखर सहाव्या वर्षापासूनच इतरांपेक्षा थोडी जास्त होती आणि त्यांचं स्वादुपिंड गरजेइतकं इन्शुलिन देत नव्हतं. गर्भातली वाढ खुंटल्याची खूणही त्यांच्यात होती.

त्यामुळे भारतातल्या मधुमेहाचं चित्र नव्याने पाहावं लागतंय. पाश्चात्त्य पुस्तकातला टाइप २ मधुमेहाचा रुग्ण लठ्ठ असतो आणि त्याचं शरीर इन्शुलिनला दाद देत नाही. पुण्यातल्याच ‘वेलजेन’ अभ्यासात तरुणपणी मधुमेह झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण वेगळ्या गटात मोडले : त्यांच्यात इन्शुलिनच कमी तयार होत होतं. कुपोषणाशी जोडलेल्या मधुमेहाचं नाव जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली यादीत घातलं होतं आणि १९९९ साली काढून टाकलं होतं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या डॉ. निहाल थॉमस यांनी आणि न्यूयॉर्कच्या मेरेडिथ हॉकिन्स यांनी अशा किडकिडीत रुग्णांचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला आणि २०२५ साली आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्यांच्या मधुमेहाला ‘टाइप ५’ म्हणून मान्यता दिली. नाव मिळालं की रोग मोजता येतो. कमी वजनाच्या रुग्णाला ‘वजन उतरवा’ असा सल्ला देण्याची चूक टळते.

मोठ्यांचं काय? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ या देशव्यापी सर्वेक्षणाने १,१३,०४३ लोकांची तपासणी करून १०.१ कोटी भारतीयांना मधुमेह असल्याचा अंदाज दिला. आणखी १३.६ कोटी उंबरठ्यावर. राज्यांत सर्वांत वरचा आकडा गोव्याचा, २६.४ टक्के. याच सर्वेक्षणातल्या जेवणाच्या नोंदी सांगतात की भारतीय ताटातल्या सुमारे ६२ टक्के कॅलरी पिष्टमय पदार्थांतून येतात. त्यातून निघालेली एक गोष्ट मराठी घरांनी नीट ऐकावी अशी आहे. पांढऱ्या तांदळाऐवजी नुसती गव्हाची पोळी किंवा ज्वारी-बाजरी-नाचणी आणल्याने धोका कमी झालेला दिसला नाही. पिष्टाचा एकूण वाटा थोडा उतरला आणि त्या जागी डाळी, कडधान्यं, दूध-दह्यातली प्रथिनं आली, तेव्हा तो कमी झालेला दिसला. भाकरी चांगलीच; पण तीन भाकऱ्या आणि ठेचा यापेक्षा दोन भाकऱ्या, वाटीभर मटकीची उसळ आणि दही यांचं गणित निराळं आहे.

लग्नाआधीची वाटी

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ ते २०१२ या काळात डॉ. रमेश पोतदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सरस’ नावाचा प्रयोग केला. साडेसहा हजारांहून अधिक बायकांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज एक खाद्यपदार्थ दिला गेला. एका गटाच्या पदार्थात पालेभाजी, सुकामेवा आणि दूध. दुसऱ्या गटाच्या पदार्थात बटाटा, कांदा असे जीवनसत्त्वं कमी असलेले जिन्नस. औषध नाही, इंजेक्शन नाही, रोजच्या खाण्यासारखं खाणं. सगळ्या बायकांचा एकत्र हिशेब केला तर बाळांच्या वजनात ठळक फरक पडला नाही. पण गर्भ राहण्याच्या निदान तीन महिने आधीपासून ज्या पालेभाजीचा पदार्थ खात होत्या, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमने जड भरली. त्याहून लक्षात राहणारा आकडा दुसरा आहे : गरोदरपणातला मधुमेह बटाट्याच्या गटात १२.४ टक्के होता, पालेभाजीच्या गटात ७.३ टक्के.

वेळ इथे कळीची आहे. बाळाचे अवयव पहिल्या काही आठवड्यांत घडतात. तेव्हा बऱ्याच जणींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. दवाखान्यात नाव घालून गोळ्या सुरू होईपर्यंत पाया रचून झालेला असतो. आणि महाराष्ट्रात, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, २० ते २४ वर्षांच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के जणींचं लग्न अठरा पुरं होण्याआधी झालेलं होतं. स्वतःचं शरीर वाढायचं थांबलेलं नसताना दुसरा जीव वाढवणाऱ्या या मुली आहेत. शाळेच्या डब्यात काय आहे, घरात अंडं कुणाच्या पानात पडतं, दुधाचा पेला भावाला आणि चहा बहिणीला का, हे प्रश्न स्वयंपाकघरातले वाटतात. वीस वर्षांनी त्यांचीच उत्तरं मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागाबाहेरच्या रांगेत उभी राहतात.

त्या सहा गावांतल्या अभ्यासाने पुढचं पाऊल याच दिशेने टाकलं. १९९० च्या दशकात ज्यांची मापं घेतली होती, ती मुलं किशोरवयात आली तेव्हा २०१२ साली ‘प्रिया’ हा प्रयोग सुरू झाला. ५५७ मुलामुलींचे गट पाडले. काहींना रोज अन्नातून मिळावं तेवढंच बी-१२, काहींना बी-१२ सोबत इतर सूक्ष्म पोषकं आणि दूध पावडर, काहींना परिणामशून्य गोळी. मुलींप्रमाणे मुलग्यांनाही गोळ्या दिल्या गेल्या, कारण बाळाची जबाबदारी एकट्या आईच्या शरीराची नाही. मुलींची लग्नं झाली, त्या गरोदर राहिल्या, गोळ्या चालूच होत्या. बी-१२ मिळालेल्या आयांच्या बाळांच्या नाळेतल्या रक्तातही बी-१२ जास्त होतं. ही बाळं दोन वर्षांची झाल्यावर नुसतं बी-१२ मिळालेल्या गटातली मुलं आकलनात आणि भाषेत सरस ठरली.

त्यांच्या साखरेबद्दल बोलायला अजून अवकाश आहे. ही मुलं आता शाळेत जाऊ लागली आहेत. त्यांचीही जन्मतः मापं घेतली गेली. वजन, लांबी, डोकं, पोट, दंड आणि पाठीवरची चिमटीतली कातडी. शेजारी बसलेल्या आईचीही वीसेक वर्षांपूर्वी अशीच मापं घेतली होती, आणि तिच्या नावाची नोंद त्याच अभ्यासाच्या जुन्या कागदांत आहे : साधारण पावणेतीन किलो.